काळ्या पाषाणाखाली काय चाललंय? किल्लारी ते हिंगोली, जमीन का हलते

२१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड, परभणीकडच्या घरांत मांडणीवरची भांडी वाजली. माणसं अंगणात येऊन उभी राहतात न राहतात तोच दहा-अकरा मिनिटांनी दुसरा धक्का आला. पहिला ४.५ चा, दुसरा ३.६ चा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा एक. मोठी हानी झाली नाही, पण दिवसभर माझा फोन थांबला नाही. वसमतकडच्या मावशीने विचारलं, "आपल्या गावाखाली लाव्हा तर नाही ना रे सरकत आला?" एका जुन्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता, "सर, तुम्हीच शिकवलं होतं, दख्खनचं पठार म्हणजे एकदम स्थिर. मग हे काय?" संध्याकाळपर्यंत 'आज रात्री बारानंतर मोठा धक्का, घरात झोपू नका' असा मेसेज तीन गटांतून फिरून माझ्याकडे आला होता.

मी औसा तालुक्यातला. आमच्याकडे 'भूकंप' म्हटलं की एकच पहाट आठवते. त्यामुळे हे प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाहीत. एकेक करून, पहिल्यापासून सांगतो.

चौसष्ट फुटांची विहीर

आपल्याकडे जमिनीखालचं ज्ञान विहिरीतून येतं. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. हल्ली हजार फूट बोअर घेऊनही फुफाटाच उडतो, तेव्हा वाटतं की आपण पृथ्वीच्या पोटात पार खोल गेलो. किती खोल गेलो ते बघू.

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून मध्यापर्यंतचं अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर. हे सगळं अंतर एका चौसष्ट फूट खोल विहिरीत बसवू, म्हणजे साधारण दहा-अकरा परस. या विहिरीतला एक फूट म्हणजे खरे शंभर किलोमीटर.

या मापात आपलं हजार फुटांचं बोअर एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. माणसाने आजवर पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियाच्या उत्तर टोकाला, कोला द्वीपकल्पात आहे. १९७० मध्ये काम सुरू झालं आणि १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरवर पोचलं. तिथे १८० अंश सेल्सिअस उष्णता लागली आणि पुढे जाणं अशक्य झालं. आपल्या विहिरीत तो जेमतेम दीड इंच.

पहिले चार-पाच इंच म्हणजे कवच. आपली शेतं, डोंगर, घाट, खाणी, सगळं यातच. समुद्राखाली हे कवच आणखी पातळ, सहा-सात किलोमीटरचं. कवचाखाली एकोणतीस फुटांपर्यंत प्रावरण नावाचा जाड थर आहे. तो दगडाचाच, पण वरच्यापेक्षा जड दगडाचा. त्याच्याखाली साडेएकावन्न फुटांपर्यंत बाह्य गाभा, म्हणजे वितळलेलं लोखंड आणि थोडं निकेल. पृथ्वीचं चुंबकत्व या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून तयार होतं. शेवटचे बारा फूट आतला गाभा. तोही लोखंडाचाच, उष्णता पाच हजार अंशांच्या वर, तरीही घट्ट. वरून एवढा दाब आहे की त्या लोखंडाला वितळायला जागाच मिळत नाही.

तिथे कुणी गेलं नाही, मग कळलं कसं?

हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो आणि तो विचारणारा मुलगा मला आवडतो.

माठ घेताना आपण तो हातात उचलून बोटाने टिचकी मारतो. टणटणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. आत डोकावायची गरज पडत नाही. पृथ्वीला अशी टिचकी मोठे भूकंप मारतात. एका ठिकाणी जमीन हलली की तिच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात आणि जगभरच्या भूकंपमापकांवर उमटतात. कुठे किती वेळाने पोचल्या, कुठे वळल्या, कुठे पोचल्याच नाहीत, यावरून आतलं चित्र उभं राहतं.

या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या. तुळजापूरला नवरात्रात दर्शनाच्या रांगेत मागून रेटा आला की तो माणसामाणसांतून पुढे सरकत जातो. माणूस जागेवरच असतो, रेटा पुढे जातो. पहिल्या प्रकारची लहर अशी असते. ती वेगवान, कवचातल्या खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते, आणि दगडातून, पाण्यातून, हवेतूनही जाते. दुसरी लहर म्हणजे लांब दोर एका टोकाला धरून आडवा झटकल्यासारखी. दोराचे कण एकमेकांना धरून असतात म्हणून ती लाट पुढे जाते. पाण्याला असं आडवं धरून ठेवता येत नाही, म्हणून दुसरी लहर द्रवातून जात नाही.

या एका फरकाने मोठं काम केलं. दुसऱ्या प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या गाभ्यातून पलीकडे निघतच नाहीत, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत लक्षात आलं. म्हणजे तिथे द्रव असला पाहिजे. मग १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश विदुषीने नोंदी तपासताना पाहिलं की जिथे पहिल्या लहरी यायलाच नकोत तिथे त्या बारीक का होईना, येतायत. त्या कुठल्यातरी घट्ट गोळ्यावर आपटून परत फिरत असणार. तिने कागदावर आकडेमोड करून सांगितलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. पाच हजार किलोमीटर खोलवरची गोष्ट एका बाईने टेबलाशी बसून शोधली, याचं मला आजही तितकंच अप्रूप वाटतं.

आणखी एक साधा पुरावा आहे. वरच्या दगडांची घनता पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट. पण सगळी पृथ्वी मिळून हिशेब केला तर साडेपाच पट भरते. म्हणजे आत काहीतरी फार जड दडलेलं आहे, आणि ते लोखंडाशिवाय दुसरं असणं अवघड आहे.

खाली लाव्हा आहे का?

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आपल्या पायाखाली लाव्हाचा समुद्र नाही. प्रावरण तापलेलं आहे, पण ते घट्ट दगडाचं आहे. दुसऱ्या प्रकारच्या लहरी त्यातून व्यवस्थित जातात, हाच त्याचा पुरावा.

मग घट्ट दगड वाहतो असं शास्त्रज्ञ म्हणतात ते कसं? रस्त्याच्या कडेला डांबराचं आडवं पडलेलं पिंप बघा. त्यातल्या डांबरावर हातोडी मारली तर काचेसारखा टवका उडतो. तेच पिंप एप्रिल-मेच्या उन्हात महिनाभर पडू दिलं तर डांबर पसरत जमिनीवर येतं. झटक्याला ते दगड असतं, सवडीने ते वाहतं. प्रावरणाचंही तसंच आहे, फक्त त्याची सवड लाखो वर्षांची. खालचा जास्त तापलेला खडक संथपणे वर येतो, वरचा निवून जड झालेला खाली जातो.

खरा वितळलेला रस काही मोजक्या ठिकाणीच तयार होतो: जिथे वर येणाऱ्या तप्त खडकावरचा दाब कमी होतो, किंवा जिथे समुद्राचं पाणी खोल जाऊन खडकाचा वितळणबिंदू उतरवतं. मराठवाड्याखाली आज यातलं काहीही नाही. एके काळी मात्र होतं. तिकडे येतोच.

प्लेट म्हणजे नेमकं काय?

कवच आणि त्याला घट्ट चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड भाग मिळून एक ताठ थर होतो. आपल्या विहिरीत तो साधारण वरचा एक फूट, म्हणजे शंभर किलोमीटर. कुठे कमी, कुठे जास्त. हा थर अखंड नाही. त्याचे मोठे सात आणि लहान बरेच तुकडे झालेले आहेत. या तुकड्यांना प्लेट म्हणतात. मराठी पुस्तकांत भूपट्ट असा शब्द आहे, पण बोलताना सगळे प्लेटच म्हणतात, मीही तेच म्हणतो. भारताची प्लेट हिमालयाच्या पायथ्यापासून थेट विषुववृत्ताच्या पलीकडे समुद्राखालपर्यंत पसरलेली आहे.

जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं तेव्हा भल्याभल्यांनी त्यांना झिडकारलं. त्यांच्याकडे पुरावे होते: आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे जुळणारे किनारे, समुद्राच्या दोन्ही बाजूंना सापडणारे एकाच वनस्पतीचे ठसे. पण 'एवढं मोठं खंड ढकलतं कोण?' याला त्यांच्याकडे पटणारं उत्तर नव्हतं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात मोहिमेवर असताना ते गेले. त्यांचं म्हणणं मान्य व्हायला आणखी तीसेक वर्षं लागली. १९५० च्या दशकात मेरी थार्प यांनी अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढताना मधोमध धावणारी डोंगररांग आणि तिच्या माथ्यावरची खोल चीर ओळखली. तिथून नवं कवच तयार होतं आणि दोन्हीकडे सरकतं, हे १९६० च्या दशकात सिद्ध झालं.

ढकलतं कोण, याचं उत्तर आता बरंचसं मिळालं आहे, आणि ते ढकलण्यापेक्षा ओढण्याचं जास्त आहे. बाजेवरची गोधडी एका बाजूला जास्त लोंबायला लागली की लोंबणारा भाग आपल्या वजनाने उरलेली गोधडी ओढून खाली नेतो. समुद्राखालची जुनी, थंड, जड झालेली प्लेट अशीच दुसऱ्या प्लेटखाली शिरून प्रावरणात बुडते आणि मागचा सगळा पट्टा ओढते. वेग वर्षाला काही सेंटीमीटर. आपली नखं वाढतात साधारण तेवढाच. उपग्रहांच्या मदतीने तो आता थेट मोजता येतो.

आपला काळा पाषाण कुठून आला?

हा भाग मी वर्गात नेहमी वेळ मोडून शिकवतो, कारण ही आपल्या बांधावरची गोष्ट आहे.

भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळं एके काळी एकच खंड होतं. त्याचं नाव गोंडवन. हे नाव आपल्या शेजारच्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं आहे. चंद्रपूरकडचा कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा. पुढे हे खंड फुटलं. भारत आधी अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून आणि मग सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे निघाला, आणि एका टप्प्यावर वर्षाला पंधरा सेंटीमीटरहून जास्त वेगाने धावला. प्लेटच्या हिशेबात ही फारच मोठी धाव आहे.

या वाटेवर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तो प्रावरणातून वर येणाऱ्या एका तप्त झोतावर आला. जमीन लांबच लांब भेगांतून उकलली आणि लाव्हाचे थरावर थर पसरले. इथे शंकूसारखा ज्वालामुखी डोक्यात आणू नका. धिरड्याचं पीठ तव्यावर पसरतं तसा हा पातळ लाव्हा शेकडो किलोमीटर पसरत गेला. आज उरलेला पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरच्या घरात जाते आणि पूर्वेकडे येताना कमी होत जाते.

बालाघाटाचे सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे उतार त्या थरांमुळेच आहेत. विहीर खणताना दोन काळ्या थरांमध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा लागतो ना? एक थर निवल्यावर पुढचा येईपर्यंत मधे काळ गेला, वरचा दगड झिजून त्याची माती झाली, आणि मग नवा लाव्हा त्या मातीवर येऊन ती भाजून निघाली. वेरूळचं कैलास लेणं कारागिरांनी वरून खाली कोरत आणलं ते याच दगडात. आपली काळी माती हाच दगड झिजून झाली.

तो तप्त झोत आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागता आहे. चूल तिथेच राहिली, आपला तवा पुढे सरकला. म्हणून मावशीला सांगितलं, आपल्याकडे लाव्हा येण्याची भीती बाळगू नकोस.

आपण तर प्लेटच्या मधोमध, मग धक्का कसा?

बहुतेक भूकंप प्लेटच्या कडांवर होतात, हे खरं. दोन प्लेट एकमेकींना घासतात, अडकतात, ताण साठतो आणि एका क्षणी सुटतो. जपान, इंडोनेशिया, नेपाळ ही कडांवरची ठिकाणं. मराठवाडा कडेपासून हजार किलोमीटरहून लांब आहे.

पण सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताची प्लेट आशियाला धडकली आणि अजून थांबलेली नाही. वर्षाला चार-पाच सेंटीमीटरने ती उत्तरेकडे सरकतेच आहे. त्या रेट्यात हिमालय उभा राहिला, आणि तोच रेटा सगळ्या प्लेटभर दाबासारखा पसरला. वाळलेली भाकरी दोन्ही कडांना धरून हळूहळू दाबून बघा. ती कडेलाच मोडेल असं नाही. जिथे भाजताना कच्ची राहिली, जिथे आधीच बारीक चीर आहे, तिथे ती मधेच तडकते. प्लेटमध्येही अशा जुन्या कच्च्या जागा असतात: गोंडवन फुटलं तेव्हाच्या आणि त्याच्याही कितीतरी आधीच्या भेगा. अशा भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात तेव्हा तिला भ्रंश म्हणतात.

आपली अडचण अशी की या भेगा काळ्या पाषाणाच्या पांघरुणाखाली झाकलेल्या आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहिलं तेव्हा सुमारे ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला आणि त्याच्याखाली, मधला गाळाचा पातळ थर सोडला की, कोट्यवधी वर्षं जुना मूळचा खडक. वरून सपाट, शांत दिसणाऱ्या शेताखाली काय आहे ते असं शोधावं लागतं. 'दख्खनचं पठार स्थिर' हे वाक्य आम्ही शिकवलं ते कडांच्या तुलनेत खरं आहे. पण स्थिर याचा अर्थ क्वचित हलणारं, हे तेव्हा कुणी पुढे सांगितलं नाही. विद्यार्थ्याची ती तक्रार मला मान्य आहे.

३० सप्टेंबर १९९३

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आमच्या घराची एक भिंत उभी चिरली, आम्ही वाचलो. उजाडल्यावर वडील किल्लारीकडे गेले आणि तीन दिवसांनी परत आले. त्या तीन दिवसांत काय पाहिलं ते त्यांनी आम्हा मुलांना कधीच सांगितलं नाही.

त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून जास्त होतात आणि बहुतेकांचं नावही आपल्याला कळत नाही. इथे मात्र लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. वेगवेगळ्या नोंदींत आकडा वेगळा आहे. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकोंडी. बावन्न गावं अशी उद्ध्वस्त झाली की ती नव्याने वसवावी लागली.

एवढा संहार का? भूकंपाचं मूळ दहा किलोमीटरपेक्षाही कमी खोल होतं, आपल्या चौसष्ट फुटी विहिरीत जेमतेम एक इंच. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन उचलून चिरल्याच्या खुणा दिसत होत्या. त्यात पहाटेची वेळ, सगळे घरात. आणि ती घरं.

आमच्याकडची घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या, वाड्यांत त्याहूनही जाड, दगडमातीच्या भिंती. बाहेरून घडीव दगडांचा एक पदर, आतून दुसरा, मधे माती आणि दगडांची भर. दोन पदरांना एकत्र धरणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर लाकडी तुळयांवर माळवद, त्यावर फूट-दीड फूट माती, आणि दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक थर. उन्हाळ्यात अशा घरासारखा गारवा दुसरीकडे नाही, आणि पिढ्यान् पिढ्या माणसं त्यात सुखाने राहिली. पण जमीन आडवी हलली की भिंतीचे दोन पदर सुटे होऊन बाहेर-आत ढासळतात. वरचं टनावारी ओझं झोपलेल्या माणसांवर येतं आणि मातीत श्वास कोंडतो. आमच्या वडीलधाऱ्यांनी काही चुकीचं बांधलं नव्हतं. त्यांना ऊन आणि पाऊस माहीत होता, भूकंप माहीत नव्हता. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशातही हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात किल्लारीचा परिसर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आला.

धरणामुळे झालं का? बोअरमुळे होतं का?

धरणाचा प्रश्न उगाच येत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला सहाच्या वरचा भूकंप झाला आणि त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी आहे, हे जगभर मान्य आहे. पाण्याचं वजन हा एक भाग. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी भेगांतून खोल झिरपतं, भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींपासून किंचित सैल करतं, आणि आधीच ताणाखाली असलेली भेग लवकर सुटते. ताण निसर्गाचाच असतो, पाणी फक्त निमित्त होतं. किल्लारीजवळ माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प आहे. त्याचा हात असावा असं काही शास्त्रज्ञांनी मांडलं, काहींनी ते फेटाळलं; कोयनेइतकं एकमत तिथे झालेलं नाही.

बोअरचं उत्तर सोपं आहे. तीनशे मीटरचं सहा इंची भोक काही किलोमीटर खोलवरच्या भेगेला जागं करू शकत नाही. जगात काही ठिकाणी, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये, तेलउद्योगाचं सांडपाणी फार मोठ्या प्रमाणात खोलवर सोडल्याने भूकंप वाढले, हे खरं आहे. आपलं शेतातलं बोअर त्या जातीचं नाही. बोअर पाण्यासाठी जपून घ्यावं, पण भूकंपाचं खापर त्याच्यावर फोडू नये.

पांगरा शिंदेचे आवाज

वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे आणि आसपासची गावं बरीच वर्षं जमिनीतून येणारे गूढ आवाज ऐकत आली आहेत. सुरुंग उडाल्यासारखा धडाम आवाज, पत्रे थरथरतात, कधी काहीच हलत नाही. २००७ नंतरच्या काही वर्षांत नांदेड शहराच्या काही भागांतही असंच होत होतं.

यामागचं कारण समजण्यासारखं आहे. रेट्याची पहिली लहर हवेतूनही जाते, हे वर आलं. अगदी उथळ, बारीक भूकंप झाला की ती लहर जमिनीतून निघून हवेत शिरते आणि कानाला आवाज म्हणून कळते. माती-वाळूच्या प्रदेशात हे बारीक कंप वाटेतच विरतात. आपल्या टणक पाषाणातून ते जसेच्या तसे वर येतात. म्हणून हलल्याचं फारसं न जाणवताही धमाका ऐकू येतो. रात्री गाव शांत असतं, म्हणून तो जास्त ऐकू येतो.

छोटे धक्के बरेच की, ताण निघून जातो!

हे मला चांगल्या शिकलेल्या माणसांनीही सांगितलं आहे. हिशेब मांडून बघू. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. म्हणजे ६.२ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा सोडायला ४.५ चे साडेतीनशेच्या आसपास धक्के लागतील, आणि ३ चे साठ हजारांहून जास्त. वर्षभरात बसणाऱ्या पाच-पंचवीस बारीक धक्क्यांनी मोठा ताण रिकामा होत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी: बारीक धक्के आले म्हणजे मोठा येणारच, असंही नाही. किल्लारीला १९९२ मध्ये बारीक धक्क्यांची मालिका झाली होती आणि पुढच्या वर्षी मोठा भूकंप आला. नांदेडमध्ये धक्के बसले आणि विरून गेले. कुठली मालिका कशात संपेल, हे आधी ओळखायची रीत जगात कुणाकडेही नाही. म्हणून 'आज रात्री बारानंतर' असा तास सांगणारा मेसेज जपानहून आला, अमेरिकेहून आला की आणखी कुठून, तो खोटाच असतो. तो पुढे पाठवला की एखादी म्हातारी थंडीत रात्रभर अंगणात बसते. १९९३ नंतर आमच्याकडे माणसं कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्यावर झोपली आहेत. त्या भीतीशी खेळू नका.

तास सांगता येत नाही, पण जागा बऱ्यापैकी सांगता येते आणि भिंत तपासता येते.

भिंतीचं काय करायचं

मागच्या उन्हाळ्यात पुनर्वसित गावात राहणाऱ्या चुलतभावाने घरामागे एक खोली काढायला घेतली. पुनर्वसनात मिळालेलं घर पक्कं आहे, पण कुटुंब वाढलं, आणि जुन्या गावठाणातले दगड फुकट पडलेले. गवंड्याने पाया भरून भिंत गुडघ्यापर्यंत आणली होती: दोन पदर, मधे माती. मी गेलो तेव्हा आम्ही दोघं तिच्याकडे बघत बराच वेळ काही बोललो नाही. मग त्याने स्वतःच काम थांबवायला सांगितलं.

आम्ही ठरवलं ते असं. मातीऐवजी सिमेंटचा माल. भिंतीची जाडी दीड फूट, त्याहून जास्त नाही. दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने, भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतील. कोपऱ्यात उभी सळई. दारा-खिडकीच्या वर चारी भिंतींना कमरपट्ट्यासारखी फिरणारी सलग काँक्रीटची पट्टी, म्हणजे हलताना चारही भिंती एका वेळी, एका पेटीसारख्या हलतील. वर माळवद नाही, हलके पत्रे, आणि उन्हासाठी त्यांच्याखाली बांबूचं छत. खर्च वाढला, पण खोलीच्या एकूण खर्चात तो पेलण्यासारखा होता.

गवंड्याचा एकच प्रश्न उरला: एवढे लांब दगड आणायचे कुठून? चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन जुन्या गावठाणात गेला. बाभळी माजलेल्या त्या ढिगाऱ्यांत पडक्या वाड्यांचे उंबरे आणि पायऱ्या अजून होत्या. नऊ दगड कामाचे निघाले. बाकीच्या जागी आम्ही मधे सळई घालून काँक्रीटचे तुकडे ओतले आणि चार दिवस पाणी मारून मग भिंतीत बसवले.